गायरान कुणाचं, विहीर कुणाची?

मागच्या अंकात आफ्रिकेतल्या काही गावांनी आपली कुरणं, जंगलं आणि विहिरी मिळून कशा सांभाळल्या यावर मी लिहिलं होतं. त्या लेखावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना इथे उत्तरं देते. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, कारण त्यातल्या शंकेपाशीच बहुतेकांची गाडी अडते.

प्रश्न : मी अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालो. सामाईक कुरणाची शोकांतिका आम्ही वर्षानुवर्षं वर्गात शिकवली. प्रत्येक गुराखी आणखी एक जनावर सोडतो, फायदा त्याचा एकट्याचा, नुकसान सगळ्यांत वाटलं जातं आणि शेवटी कुरण उजाड होतं. आमच्या सोसायटीच्या बोअरचंही तेच झालं. दोन इमारतींनी मोठे पंप बसवले आणि मार्चातच पाणी आटलं. मग दुष्काळी भागातल्या गरीब गावांना हे जमतं यावर विश्वास कसा ठेवायचा? तुम्ही अपवाद तर वेचून दाखवत नाही ना?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : सर, तुमची शंका रास्त आहे, पण हे अपवाद नाहीत. ही शोकांतिका ज्यातून वर्गात आली तो गॅरेट हार्डिन यांचा प्रसिद्ध लेख १९६८ सालचा. ते जीवशास्त्रज्ञ होते आणि त्यांचं कुरण कल्पनेतलं होतं. त्या कुरणावरचे गुराखी एकमेकांशी चकार शब्द बोलत नाहीत. कुणी कुणाला हटकत नाही, पारावर बसून काही ठरत नाही. असं गाव मी तरी पाहिलेलं नाही. पुढे १९९०च्या दशकात हार्डिन यांनीच दुरुस्ती केली, की ज्याची काही व्यवस्थाच लावलेली नाही अशा सामाईक मालमत्तेबद्दल आपण बोलत होतो. ही दुरुस्ती वर्गात पोचली नाही याची मला मनापासून खंत वाटते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी कल्पनेऐवजी माणसं खरोखर काय करतात ते गोळा केलं, स्वित्झर्लंडच्या डोंगरी कुरणांपासून फिलिपिन्सच्या पाटांपर्यंत. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

आता बोराना लोकांच्या विहिरींकडे जाऊ. दक्षिण इथिओपिया आणि उत्तर केनियातले हे गुरं पाळणारे लोक. पाऊस बेभरवशाचा, त्यामुळे शतकानुशतकं त्यांची भिस्त खोल विहिरींवर. काही विहिरी ३० मीटरपर्यंत खोल आहेत. गुरांना खाली उतरता यावं म्हणून जमिनीत लांब उतरती वाट खणलेली असते आणि तिच्या टोकाला मातीच्या डोण्या. त्याच्याही खाली, विहिरीच्या भिंतीला धरून, माणसं एकावर एक उभी राहतात आणि बादल्या हातोहात वर देतात. भरलेली वर जाते तेव्हा रिकामी खाली येत असते. ताल चुकू नये म्हणून सगळे गातात. त्यावरून बाहेरचे लोक यांना गाणाऱ्या विहिरी म्हणतात.

गाण्याची चित्रफीत सगळ्यांना आवडते. मला त्यामागची घडी जास्त मोलाची वाटते. विहीर एका कुळाची असते, आणि ज्याने ती खणायला घेतली त्याच्या वंशातला एक माणूस तिचा मुख्य असतो, त्याला कोन्फी म्हणतात. तो मुख्य असला तरी पाणी विकू शकत नाही. रोजची पाळी लावणारा माणूस वेगळा, अब्बा हेरेगा. पावसाळा संपला की गुरांना रोज पाणी मिळत नाही, तीन दिवसांआड मिळतं. कुणाचा कळप कुठल्या दिवशी आणि कुणाच्या मागून, हे अब्बा हेरेगा सांगतो. पाळी हवी असेल तर उपसायला माणसं द्यायची, गाळ काढायला यायचं, बैठकीला बसायचं. आणि पाऊस पडून तळी-डबकी भरली की खोल विहिरी बंद. त्यामुळे कळप लांबच्या चराईला जातात आणि विहिरीभोवतीचं गवत कोरड्या महिन्यांसाठी शिल्लक राहतं. पाण्याचा नियम लावताना चाऱ्याचीही सोय बघितलेली आहे. हे भोळेपणाने किंवा दानधर्म म्हणून चालत नाही. यात काटेकोर हिशोब आहे आणि तो सगळ्यांना पाठ आहे.

तुमच्या सोसायटीत बोअर सामाईक होती, पण तिच्यावर अब्बा हेरेगा नव्हता. किती अश्वशक्तीचा पंप चालेल, पातळी किती खाली गेली की उपसा कमी करायचा, आधी कुणी थांबायचं, यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. आता पहिलं काम म्हणजे पातळी मोजायला एक माणूस नेमा आणि दर पंधरवड्याचा आकडा जिन्याखालच्या फळ्यावर लिहा. पंपाचा वाद त्यानंतर काढा. आकडा सगळ्यांसमोर असेल तर निदान कशावरून भांडतोय ते तरी कळतं.

अपवादाच्या शंकेवर आणखी एक जागा सांगते. इथिओपियाच्याच मेन्झ भागात ३,२०० मीटरच्याही वर ग्वासा नावाचं गवताळ पठार आहे. तिथलं गवत घर शाकारायला आणि दोर वळायला लागतं. सुमारे ४०० वर्षांपूर्वीपासून तिथल्या लोकांनी या पठाराची राखण लावली. निवडून दिलेला प्रमुख पठार बंद करायचा, कधी तीन तर कधी पाच वर्षं सलग. मग दिवस ठरवून कापणीला उघडायचं, नंतर गुरं सोडायची आणि पावसाळा लागला की पुन्हा बंद. आपल्याकडच्या चराईबंदी-कुऱ्हाडबंदीची ही जुनी भावंडं. १९७५ साली देशात जमीन सुधारणा झाली आणि राखण करणाऱ्यांचा अधिकारच कायद्याने गेला. त्यानंतर गवत ओरबाडलं जाऊ लागलं. इतकी शतकं टिकलेलं पठार कधी बिघडलं, हे सर, तुम्ही वर्गात जरूर सांगायला हवं होतं असं मला वाटतं. पुढे गावांनी नवी समिती उभी केली आणि प्रादेशिक सरकारने तिला कायदेशीर मान्यता दिली. इथिओपियन लांडगा आता जगात फार थोडा उरला आहे. या पठारावर तो अजून दिसतो.

प्रश्न : ताई, लेखातल्या गोष्टी वाचायला बऱ्या वाटतात. आमच्या गावात गायरानावर अतिक्रमण करणारा भावकीतलाच आहे. बोललं तर लग्नाकार्यात तोंड फिरवतो, नाही बोललं तर आणखी दोन गुंठे आत येतो. नियम मोडणाऱ्याला अडवायचं कुणी?
— एक शेतकरी, सासवडजवळ

उत्तर : दादा, चार पत्रांत सगळ्यांत अवघड प्रश्न तुमचा. माझं आजोळ पुरंदरचंच, त्यामुळे भावकीतलं तोंड फिरवणं काय असतं ते मला सांगायला नको.

पुण्यात माझ्या हाताखाली टांझानियाचा एक विद्यार्थी शिकत होता, श्यिन्यांगा भागातल्या सुकुमा समाजाचा. सासवडच्या पुढची उघडी माळरानं दाखवायला त्याला नेलं, तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे माझ्या आजोबांच्या काळात असंच झालं होतं." मग त्याने वहीत आकृती काढून दाखवली. पावसाळा सरता सरता कुरणाचा एक तुकडा राखायचा, त्याला ते न्गितिली म्हणतात. उभं गवत तसंच वाळू द्यायचं आणि पुढे चारा संपला की ते थोडं थोडं करून उघडायचं. पहिला मान वासरांचा, दुभत्या गाईंचा आणि नांगराच्या बैलांचा. धट्टीकट्टी जनावरं मागून. आजोबांच्या कुरणाची हद्द त्याने एका चिंचेपासून एका वारुळापर्यंत काढली होती, ती वही मी अजून ठेवली आहे.

त्या भागाची पुढची हकीकत अशी. ब्रिटिश अमलात गुरांना रोग लावणारी त्सेत्से माशी घालवायला झाडी तोडली. नंतर कापसाखाली जमीन गेली. १९७०च्या दशकात सरकारने माणसं उचलून नव्या वसाहतींत नेऊन बसवली, आणि राखलेली कुरणं मागे बेवारस राहिली. राष्ट्राध्यक्ष ज्यूलियस न्येरेरे यांनीच त्या भागाला टांझानियाचं वाळवंट म्हटलं. १९८६ साली सरकारने तिथे मृदसंधारणाचं काम काढलं, तेव्हा राखलेली कुरणं जेमतेम ६०० हेक्टर उरली होती. पुढच्या वीस-एक वर्षांत ती तीन लाख हेक्टरांच्या वर गेली. रोपवाटिकेतून रोपं आणून लावण्यापेक्षा जास्त काम झालं ते जुनी राखण पुन्हा लागू करून. मुळं जमिनीत होतीच, गुरं आणि कुऱ्हाड थांबली तशी झाडी वर आली.

तुमचा प्रश्न, अडवलं कुणी? तिथे गावाची सभा असते, दगाशिदा. वडीलधारे आणि गावकरी बसून नियम आणि दंड ठरवतात. पहारा गावच्याच राखणदारांच्या टोळीचा, सुंगुसुंगू. यात मला महत्त्वाचं दिसतं ते हे, की राखणदार फक्त पकडतो आणि सभेपुढे उभं करतो. दंड सभा लावते. त्यामुळे एका माणसाला दुसऱ्याशी वैर घ्यावं लागत नाही. तुमच्या गावात हटकणारे तुम्ही एकटे आहात, म्हणून तोंड तुमच्याकडून फिरतं.

दुसरी गोष्ट दंडाच्या रकमेची. जिथे सामाईक व्यवस्था टिकली तिथे पहिल्या चुकीचा दंड हलका असतो, पुन्हा केलं की वाढतो. पहिल्याच वेळी दहा हजार लावले तर ते वसूल करायची कुणाची छाती होत नाही, आणि एकदा का दंड माफ झाला की नियम मोडीत निघाला.

हे परदेशातलं झालं म्हणाल, तर तुमच्या तालुक्यातलंच घ्या. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावला पाणी पंचायतीचं काम सुरू केलं. पाणी जमिनीवर नाही, माणसांवर मोजलं. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला फार तर अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. आमच्या मामाची जमीन बरीच होती, तरी त्याला पाणी घरातल्या माणसांपुरतंच मिळायचं. तो घरी कुरकुर करायचा. पाटकरी बांधावर येऊन "झाली पाळी" म्हणाला की मात्र मुकाट्याने पाणी पुढच्या शेताला सोडायचा, कारण ठरावाला बैठकीत त्यानेही हात वर केला होता. तुमच्याकडे आधी गायरानाची मोजणी करून हद्दीचे दगड लावा आणि दंडाचा ठराव ग्रामसभेत घ्या, त्या वेळी भावकीतला तो माणूस हजर असेल असं बघा. त्याच्या पाठीमागे केलेला ठराव तो मानणार नाही, आणि खरं सांगायचं तर त्याने तो मानावा असं म्हणायचा हक्कही आपल्याला नाही.

प्रश्न : मी समाजकार्याची विद्यार्थिनी. आफ्रिकेतला लोकसहभाग म्हणजे परदेशी संस्थांचे प्रकल्प आणि श्रीमंत शिकाऱ्यांचा पैसा, असं आमच्या वर्गात एकाने मांडलं. गावाच्या हाती खरंच काही पडतं का?
— कर्वेनगर

उत्तर : तुमच्या वर्गमित्राचं म्हणणं काही ठिकाणी खरं आहे. झिम्बाब्वेत १९८९ साली कॅम्पफायर नावाचा कार्यक्रम सुरू झाला. हत्ती, रानम्हशींच्या शिकारीतून आणि पर्यटनातून येणारा पैसा गावांना मिळावा, म्हणजे गावं त्या प्राण्यांना राखतील, असा विचार. पण कायद्याने अधिकार दिले ते जिल्हा पातळीच्या परिषदांना. पैसा आधी तिथे आला आणि पुष्कळ ठिकाणी तिथेच मुरला. पीक तुडवलं जायचं गावात, तिजोरी तालुक्याच्या गावी. कुंपणानेच शेत खाल्लं.

नामिबियात वेगळं घडलं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, वायव्येकडच्या कोरड्या भागात दुष्काळ आणि चोरटी शिकार दोन्ही जोरात असताना, गार्थ ओवेन-स्मिथ नावाच्या संरक्षकाने तिथल्या मुखियांशी बोलणी केली. गावचेच राखणदार नेमायचे ठरलं. पगाराच्या जागी पुष्कळदा धान्यपाणी मिळायचं. त्यांची निवड मुखियांनी केली, आणि ते उत्तरही मुखियांनाच द्यायचे. देश स्वतंत्र झाल्यावर १९९६ साली कायदा बदलला आणि जे हक्क गोऱ्या शेतमालकांना आपल्या जमिनीवरच्या प्राण्यांबाबत आधीपासून होते, ते सामाईक जमिनीवरच्या समूहांनाही मिळाले. अट अशी, की सभासदांची यादी हवी, शेजाऱ्यांशी ठरलेली हद्द हवी, समिती आणि तिची नियमावली हवी. १९९८ साली पहिल्या चार समूहांची नोंदणी झाली. पुढे त्यांची संख्या ८०च्या वर गेली, आणि देशाचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्याकडे आहे. उत्पन्नाचा करार समूह स्वतः करतो आणि पैसा त्याच्याच खात्यात येतो.

तिथल्या राखणदारांच्या नोंदवहीबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. रोजच्या नोंदी पिवळ्या पानांवर, महिन्याच्या निळ्या, वर्षानुवर्षांच्या लाल. कुठला प्राणी दिसला, कुणाची बकरी बिबट्याने नेली, कुठे फासा सापडला, यावर बोटाने मोजता येतील अशा खुणा भरायच्या. शाळा थोडीच शिकलेल्या माणसालाही ती भरता येते आणि वाचता येते. मूळ वही गावात राहते, वरच्या कचेरीत तिची प्रत जाते. आपल्याकडे गावातून माहिती गोळा करून नेतात आणि ती गावाला पुन्हा कधी दिसत नाही. प्रकल्प अहवालात लोकसहभाग किती हे तपासायचं असेल, तर मूळ वही कुणाच्या कपाटात आहे ते आधी विचारा.

शिकारीचा पैसा मला स्वतःला रुचत नाही. पण रात्री ज्याच्या मक्यात हत्ती शिरतो त्याला पुण्यातून मी काय शिकवणार? निर्णय त्याचा असावा. तिथेही सगळं सुरळीत नाही. २०२० साली कोविडमध्ये पर्यटन थांबलं आणि राखणदारांच्या पगारासाठी बाहेरून मदतनिधी उभारावा लागला. न्याए न्याए या सान आदिवासींच्या समूहाच्या हद्दीत २००९ साली बाहेरचे गुराखी कुंपण तोडून कळप घेऊन घुसले. कागदावर हक्क असला तरी तो बजावायला सरकार पाठीशी लागतं, आणि ते वेळेवर येईलच असं नाही. तुमच्या प्रबंधात या दोन्ही घटना घ्या.

प्रश्न : आम्ही बचत गटातल्या बायका. हिरडा आम्ही वेचतो, सरपण आम्ही आणतो, पण रानाची बैठक बसली की पुरुष बसतात. आफ्रिकेत तरी बायकांना विचारतात का? आणि आम्ही सुरुवात कुठून करावी?
— आंबेगाव तालुका

उत्तर : सगळीकडे विचारत नाहीत. जिथे वेचणाऱ्या बायका संघटित झाल्या तिथे विचारावं लागलं. गांबियात बांजूल शहराजवळ तान्बीची खारफुटी आहे. तिथे होड्या हाकत कालवं काढण्याचं काम बायकांचं. खारफुटीच्या मुळांना कालवं चिकटतात, पूर्वी मुळंच तोडून आणत. या बायकांनी ट्राय नावाची संघटना बांधली, मुळं न तोडता कालवं काढायची असं ठरवलं आणि वर्षातले काही महिने काढणी पूर्ण बंद ठेवली. २०१२ साली सरकारने त्या भागातली कालवं आणि शिंपले काढायचा खास हक्क त्यांना दिला. बंदीचा त्रास आधी त्यांनीच सोसला होता, त्यामुळे हक्क मागताना त्यांना कुणी गप्प करू शकलं नाही.

मादागास्करच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर आंदावादोआका गावात ओहोटीला खडकांवर फिरून भाल्याने ऑक्टोपस पकडतात, त्यात बायका पुष्कळ. २००४ साली गावाने एक खडकाळ पट्टा सात महिने बंद ठेवला. ऑक्टोपस झपाट्याने वाढतो, त्यामुळे उघडल्यावर मोठमोठे मिळाले. ते बघून शेजारची गावंही बंदी घालू लागली आणि दोन वर्षांत वीसच्या वर गावांचा मिळून एक राखीव किनारा झाला, वेलोंद्रिआके. नियम त्यांच्या परंपरेतल्या दिना या गावकायद्याने लागू होतात. छोट्या बंदीपासून सुरुवात, फळ थोड्या महिन्यांत हातात, हा भाग तुम्हाला उपयोगाचा.

सुरुवात अशी करा. २००६च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्काचा दावा गावाला करता येतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ साली तो मिळवला आणि पुढे आपला बांबू आपण विकला. दाव्यासाठी ग्रामसभेने १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडायची असते आणि तिच्यात निदान एक तृतीयांश बायका असाव्या लागतात. समिती आधीच झाली असेल तर ग्रामसेवकाकडे तिची यादी मागा. त्यात ज्यांची नावं आहेत त्या बायकांना आपलं नाव यादीत आहे हे ठाऊक आहे का, ते घरी जाऊन विचारा.

दाव्याला पुरावा म्हणून वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब चालतात. तुमच्या वाडीतल्या म्हाताऱ्या बायकांचे जबाब गटाच्या बैठकीतच लिहून घ्या. हिरडा कुठल्या ओढ्यापासून कुठल्या खिंडीपर्यंत वेचत होतो, कुठल्या महिन्यात, वाट कुठून, गुरं कुठे पाणी प्यायची, दुसऱ्या वाडीची हद्द कुठे लागायची, हे त्यांच्याच शब्दांत. खाली अंगठा किंवा सही, तारीख, आणि दोन साक्षीदारांची नावं. प्रत्येक जबाबाच्या दोन प्रती काढा. एक समितीकडे द्या, दुसरी गटाच्या फायलीत राहू द्या.